थिओडोर बोव्हेरी

बीज पेरणाऱ्याला त्याचे फळ पाहण्याचे भाग्य लाभतेच असे नाही. थिओडोर बोव्हेरी या जर्मन शास्त्रज्ञाचे जीवन याचीच साक्ष देते.

बोव्हेरी यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८६२ रोजी जर्मनीतील बाम्बेर्ग या गावी झाला. म्युनिक येथील विद्यापीठात प्रथम त्यांनी इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय घेतले. परंतु लवकरच त्यांचे मन शरीरशास्त्राकडे वळले. १८९३ साली ते व्युर्त्सबुर्ग येथील विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

सर्व सजीवांची शरीरे सूक्ष्म पेशींची बनलेली असतात. एका पेशीच्या दोन पेशी होतात, तेव्हा पेशीतील गुणसूत्रांच्या नकला तयार होऊन त्यांची समान वाटणी होते. गुरूने एका पोथीच्या दोन नकला करून दोन शिष्यांना एकेक द्यावी, तसाच हा प्रकार होय. पण ही वाटणी चुकली तर काय होईल?

या प्रश्नाचा ध्यास घेऊन बोव्हेरी इटलीतील नेपल्सच्या समुद्रकिनारी गेले. तेथे सागरी अर्चिन नावाचा वाटोळा, काटेरी प्राणी मिळतो. त्याच्या अंड्यात एकाऐवजी दोन शुक्रपेशी शिरल्या, तर त्या अंड्याचे एकदम तीन किंवा चार भाग होतात आणि गुणसूत्रांची वाटणी विषम होते. अशा अंड्यांतून निपजणारे बहुतेक जीव विकृत होत व मरून जात. प्रत्येक पेशीला गुणसूत्रांचा पूर्ण संच मिळालाच पाहिजे, हे यावरून त्यांनी सिद्ध केले.

पुढे त्यांच्या मनात एक धाडसी विचार आला. कर्करोगाच्या गाठीतील पेशी बेसुमार वाढतात, त्याचे मूळ गुणसूत्रांच्या बिघाडात तर नसेल? १९१४ साली त्यांनी या विषयावर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्याजवळ पुरेसा पुरावा नाही, हे त्यांनी मुळीच लपविले नाही. हा विचार त्या वेळी अनेक विद्वानांना पटला नाही. बोव्हेरी यांची प्रकृती तर अनेक वर्षे खालावलेली होती. त्यामुळे बर्लिन येथील एका नव्या संशोधनसंस्थेचे संचालकपदही त्यांना नाकारावे लागले होते. १५ ऑक्टोबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पत्नी मार्सेला या अमेरिकन असून स्वतः जीवशास्त्रज्ञ होत्या. पतीचा विचार विस्मृतीत जाऊ नये म्हणून त्यांनी त्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले. ते १९२९ साली प्रसिद्ध झाले. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी दोन संशोधकांना रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगात एक गुणसूत्र नेहमीपेक्षा लहान झालेले आढळले. बोव्हेरी यांच्या तर्काला भक्कम आधार मिळाला.

पेशीविभाजनाचे काम अनेक प्रथिने पार पाडतात, हे आज आपणांस ठाऊक आहे. पित्तनलिकेच्या कर्करोगासारख्या दुर्धर रोगात गाठीतील या प्रथिनांचे प्रमाण तपासून, रोगी किती काळ जगू शकेल याचा अंदाज बांधता येईल काय, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. या शोधाची वाट नेपल्सच्या किनाऱ्यावरील त्या इवल्याशा अंड्यांपासून सुरू झाली. जे सिद्ध झाले ते ठामपणे सांगावे आणि जे केवळ सुचले ते तर्क म्हणूनच मांडावे, हा बोव्हेरी यांचा बाणा होता. खऱ्या शास्त्रज्ञाचे हेच लक्षण होय.