मागेल त्याला काम : वि. स. पागे यांची हमी

मुंबई-पुण्यातल्या कोणत्याही कार्यालयातील पगारपत्रक हाती घेतले, तर वजावटीच्या रकान्यात व्यवसाय कराची एक छोटीशी रक्कम दिसते. बहुतेकांच्या बाबतीत ती महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे वर्षाकाठी २,५०० रुपये असते. प्राप्तिकरावर घराघरांत चर्चा होते. या कराबद्दल कोणी फारसे बोलत नाही. महाराष्ट्राने १९७५ साली तो बसवला तो एका विशिष्ट कामासाठी. खेड्यातल्या ज्या माणसाला काम हवे आहे त्याला ते मिळाले पाहिजे आणि त्याच्या मजुरीचा भार शहरातल्या पगारदारानेही उचलला पाहिजे, असा त्यामागचा विचार होता. या विचाराचे जनक विठ्ठल सखाराम पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीच्या हाती ना खाते असते, ना तिजोरी. सभागृहातल्या चर्चेतही त्याला भाग घेता येत नाही. रोजगार हमी योजनेची कथा अशा माणसापासून सुरू होते, हे तिचे पहिले वेगळेपण.

पागे यांचा जन्म २१ जुलै १९१० चा. त्यांचे आयुष्य ज्या तासगाव तालुक्याशी जोडले गेले, तो सांगली जिल्ह्याच्या मधोमध येतो. पश्चिमेला कृष्णाकाठची काळी जमीन आणि ऊस, तर पूर्वेला खानापूर, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा कायम पावसाची वाट पाहणारा पट्टा. एका बाजूला गुऱ्हाळे पेटलेली असताना दुसऱ्या बाजूची माणसे बिऱ्हाड पाठीवर घेऊन मुंबईच्या गिरण्यांकडे निघालेली, हे दृश्य तिथल्या माणसाला पुस्तकात वाचावे लागत नसे. पागे यांनी कायद्याचे शिक्षण घेतले, स्वातंत्र्य चळवळीत उडी घेतली, तुरुंगवास भोगला. गांधीविचार आणि संतवाङ्मय हे त्यांच्या मनाचे दोन आधार होते. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, जुलै १९६० मध्ये, ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि एप्रिल १९७८ पर्यंत त्या आसनावर राहिले.

दुष्काळात सरकारने कामे काढावीत, ही गोष्ट नवी नव्हती. इंग्रजी अमदानीतल्या दुष्काळ संहितेपासून खडी फोडण्याची, रस्ते आणि तलावांची कामे निघतच होती. पण ती निघत सरकारला वाटेल तेव्हा. पिकांची आणेवारी लागायची, ती ठरावीक मर्यादेखाली आली तर टंचाई जाहीर व्हायची, मग आदेश सुटायचे. ज्या गावाची आणेवारी काठावर बसली, तिथल्या मजुराच्या चुलीशी कागदाला काही देणेघेणे नसे. शिवाय चांगल्या वर्षातही कोरडवाहू भागातल्या भूमिहीनाला सुगीनंतर कित्येक महिने काम नसते, ते कोणत्याच आणेवारीत दिसत नाही. पागे यांनी १९६५ च्या सुमारास मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे जी कल्पना मांडली, तिने हा क्रमच उलटा केला. काम केव्हा काढायचे हे सरकारने नव्हे, तर मजुराने काम मागून ठरवायचे. घोषणा नको, पंचनामा नको. अंगमेहनत करण्याची तयारी एवढाच पुरावा.

नाईक यांनी प्रयोगाला संमती दिली आणि तो तासगाव तालुक्यातच सुरू झाला. राज्यव्यापी योजना म्हणून तिची सुरुवात १९७२ साली झाली आणि लगेचच महाराष्ट्रावर शतकातला एक भीषण दुष्काळ कोसळला. सुकडी आणि मिलोचे दिवस म्हणून जुन्या पिढीला आठवतात ते हेच. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. नवी योजना बाजूला ठेवून सारी यंत्रणा दुष्काळ निवारणाला जुंपली गेली. वरवर पाहता पागे यांची कल्पना दोन वर्षे मागे पडली. प्रत्यक्षात त्या दोन वर्षांनीच तिला हातपाय दिले. एवढ्या माणसांना काम देता येते, हजेरीपट ठेवता येतात, गावोगाव मजुरी पोहोचवता येते, हे जिल्हाधिकाऱ्यांपासून मुकादमापर्यंत सर्वांनी अनुभवले. आणि आपण मागणी केली तर काम निघते, हे मजुरांनीही पाहिले. दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा सुरू झाली ती या अनुभवाच्या जोरावर.

पुढचा प्रश्न पैशाचा होता. केंद्राकडून मदत येण्याची शक्यता नव्हती. व्यवसाय कराखेरीज मोटार वाहन कर, विक्रीकर, बागायती जमिनीवरची आकारणी अशा काही करांत भर घालण्यात आली आणि जेवढे जमेल तेवढीच रक्कम राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असे ठरले. शहरी नोकरदारांनी त्या वेळी फारशी खळखळ केली नाही. एक कारण असे सांगितले जाते, की दुष्काळात मुंबईच्या पदपथांवर उतरलेली खेड्यातली कुटुंबे त्यांनी नुकतीच पाहिली होती. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली विधिमंडळात एकमताने संमत झाला. तेव्हा परिषदेच्या सभापतिपदी पागेच होते. आपल्याच कल्पनेचे विधेयक त्यांनी आसनावरून, त्यावर भाषण न करता, संमत होताना पाहिले. राष्ट्रपतींची मान्यता मिळून २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अमलात आला.

कायद्याची भाषा साधी होती. ग्रामीण भागात किंवा ‘क’ वर्ग नगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या कोणत्याही प्रौढाने अंगमेहनतीचे काम मागितले, तर पंधरा दिवसांत ते द्यायचे. दिले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. कामे सरकारी खात्यांनी करायची, कंत्राटदार नको. खर्चातला किमान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर पडला पाहिजे. स्त्री-पुरुषांना एकाच कामाचे एकच दाम. देशात अशी हमी कायद्याने देणारे दुसरे राज्य तेव्हा नव्हते. १९७९-८० मध्ये या योजनेने सुमारे २० कोटी मनुष्यदिवसांचे काम दिले. कामांवरच्या मजुरांत स्त्रियांचा वाटा लक्षणीय होता; अनेक ठिकाणी तो पुरुषांइतका किंवा अधिकच असे. बांधावरच्या कामाला निम्मी मजुरी घेणारी बाई पाझर तलावावर गड्याइतकेच पैसे मोजून घेऊ लागली, हा बदल कायद्याच्या कलमापेक्षा कितीतरी मोठा होता.

परंतु खरी लढाई कायदा झाल्यावर सुरू झाली. राज्याची यंत्रणा कामे करण्यासाठी घडवलेली होती, मागणी ऐकण्यासाठी नव्हे. पाटबंधारे, बांधकाम, मृदसंधारण, वने या खात्यांच्या अभियंत्यांना अंदाजपत्रक, मंजुरी, मोजमाप हे कळत होते. दुपारी कचेरीच्या दारात उभ्या राहिलेल्या ४० बायका काम मागत आहेत, याचे काय करायचे, ते त्यांच्या नियमपुस्तकात नव्हते. आधीच आराखडे तयार करून कामांचा साठा हाताशी ठेवायचा, म्हणजे मागणी येताच त्यातले एक सुरू करता येईल, अशी पद्धत ठरली होती. अनेक तालुक्यांत तो साठा कागदावरच राहिला. कुठे सर्वेक्षण नाही, कुठे भूसंपादन अडलेले, कुठे ५० मजूर जमत नाहीत म्हणून काम निघत नाही. वाडीतले २५ जण कामाविना बसले आहेत आणि नियम म्हणतो, आणखी तेवढेच आणा.

सगळ्यात नाजूक जागा होती ती अर्जाच्या पोचपावतीची. पंधरा दिवसांची मुदत अर्ज दिल्यापासून मोजायची. पण अर्ज दिला याचा पुरावा काय? पावती दिली की घड्याळ सुरू होते आणि भत्त्याची जबाबदारी येते, हे ज्याच्या हाती पावतीपुस्तक होते त्यालाही कळत होते. मग तोंडी मागणी ऐकून घ्यायची, उद्या या म्हणायचे, नोंद करायची नाही. बेकारी भत्ता दिवसाला जेमतेम रुपया-दोन रुपये होता आणि तोही फार क्वचित दिला गेला. सरकारी अहवालांत मागणी आणि काम यांचा मेळ बसलेला दिसे, कारण जी मागणी पुरी होणार नव्हती ती लिहिलीच जात नसे. या एका चिठोऱ्यासाठी शेतमजुरांच्या संघटनांना तहसील कचेऱ्यांवर मोर्चे न्यावे लागले. हमी खरी ठरली ती बहुतांशी तिथे, जिथे मजूर संघटित होते.

मजुरीचेही तसेच. दाम रोजावर नव्हे, कामाच्या मोजमापावर ठरे. मऊ माती, मुरूम, कठीण खडक यांचे दर वेगळे. मोजणारा अभियंता आठवड्याने येणार की पंधरवड्याने, यावर चूल अवलंबून. हजेरीपटावर न आलेल्यांची नावे चढत आणि आलेल्यांची मजुरी घटे. कामावर सावली, पाणी, लहान मुलांसाठी पाळणाघर असावे असा नियम होता. प्रत्यक्षात झाडाला बांधलेली झोळी हेच पाळणाघर. पाऊस पडला की मजूर शेतात परतत आणि तलावाची भिंत अर्धवट राही. दुसरीकडे, पूर्ण झालेल्या तलावाचे पाणी ज्याच्या विहिरीत उतरे तो बहुधा जमीनवाला असे. भिंत घालणाऱ्या भूमिहीनाला मजुरी मिळाली, मालमत्ता नाही. योजनेवरची ही टीका रास्त होती आणि आजही ती खोडून काढता येत नाही. मात्र भ्रष्टाचाराच्या बातम्या वाचून सारी योजनाच पाण्यात गेली, असा जो समज शहरांत रूढ झाला, तो कामाच्या आशेने उन्हात चालत आलेल्या माणसांवर अन्याय करणारा आहे.

बड्या शेतकऱ्यांची नाराजी वेगळ्या कारणाने होती. सरकारी कामामुळे मजूर मिळत नाहीत, दर वाढवून मागतात, ही तक्रार गावोगाव ऐकू येई. सुगीच्या दिवसांत कामे बंद ठेवण्याचा दबाव स्थानिक पुढाऱ्यांकडून येई आणि बरेचदा तो मानला जाई. ज्या ग्रामीण नेतृत्वाच्या मतांवर कायदा उभा राहिला, त्याच्याच हितसंबंधांना तो बोचणारा होता. विधिमंडळाच्या रोजगार हमी समितीचे दौरे, अधिकाऱ्यांच्या साक्षी, आमदारांचे प्रश्न यांमुळे योजनेवर नजर राहिली. अन्य कोणत्या सरकारी योजनेवर विधिमंडळाने इतकी वर्षे इतके लक्ष ठेवल्याचे उदाहरण विरळा.

१९८८ साली शेतमजुरांचे किमान वेतन जवळपास दुप्पट झाले आणि रोजगार हमीचे दरही त्यासोबत वाढले. मजुरांच्या दृष्टीने ती न्याय्य गोष्ट होती. पण त्यानंतर कामावरची उपस्थिती झपाट्याने खाली आली. कोणाच्या मते मजुरांना इतरत्र कामे मिळू लागली. अभ्यासकांनी केलेल्या तपासणीत मात्र असे दिसले, की खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी यंत्रणेने नवी कामे काढण्यातच हात आखडता घेतला. म्हणजे मजुरी वाढली आणि हमी पातळ झाली. पुढे नव्वदच्या दशकात तर विचित्र अवस्था आली. शहरांतून व्यवसाय कर जमत राहिला, खर्च कमी होत गेला आणि या कामासाठी घेतलेला पैसा वर्षानुवर्षे शिल्लक पडू लागला.

ती अवस्था पाहायला पागे नव्हते. १६ मार्च १९९० रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली. लहान शेतकऱ्याला स्वतःच्याच रानात आंबा, डाळिंब, काजू लावण्यासाठी मजुरी मिळू लागली आणि महाराष्ट्राच्या फळबागांचा विस्तार झाला. मात्र ज्याच्याकडे लावायला रानच नव्हते, तो या वाटेने आणखी थोडा बाजूला पडला.

संसदेने २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. महाराष्ट्राच्या कायद्यात दिवसांची मर्यादा नव्हती. केंद्राने ती कुटुंबामागे वर्षाला १०० दिवस अशी घातली. बेकारी भत्ता पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा आणि नंतर निम्मा ठरला. पंधरा दिवसांची मुदत जशीच्या तशी घेतली गेली. आणि काम मागणाऱ्याला तारीख घातलेली पोचपावती दिलीच पाहिजे, हेही त्यात स्पष्ट शब्दांत लिहावे लागले.