प्रश्न विचारणारा खासदार

मेसमध्ये क्षेपणास्त्रांवरून वाद पेटला की मला डंकन सँड्स आठवतो. एरवी त्याची ओळख एवढीच, चर्चिलचा जावई. पण गडी वेगळाच!

जन्म १९०८ चा, १९३५ मध्ये खासदार. शिवाय प्रादेशिक सेनेच्या विमानविरोधी तुकडीत अधिकारी. १९३८ मध्ये त्याने लंडनच्या रक्षणाला तोफा किती कमी आहेत, हा प्रश्न लिहून आधी युद्धमंत्र्यांकडे पाठवला. आकडे गुप्त निघाले. झालं! माहिती कुणी दिली ते सांग, नाहीतर सरकारी गुपितांचा कायदा आहेच, असा दम मिळाला. साहेबांनी विषय थेट सभागृहात काढला. समिती बसली आणि संसदेतल्या कामकाजावर हा कायदा चालत नाही, असा निर्वाळा तिने दिला.

१९४३ मध्ये जर्मन रॉकेटांचा छडा लावायचं काम चर्चिलने त्यालाच दिलं. लॉर्ड चेरवेलसारखा शास्त्रज्ञ असलं रॉकेट मानायला तयार नव्हता. सँड्सने विमानातून काढलेल्या फोटोंवर भरवसा ठेवला. ऑगस्टमध्ये पेनेम्युंडेवर बॉम्ब पडले. मात्र ७ सप्टेंबर १९४४ ला यानेच पत्रकारांना लंडनची लढाई जवळजवळ संपल्याचं सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी चिझिकमध्ये व्ही-२ कोसळलं. तीन माणसं गेली. (आपली व्हायव्हातली चूक निदान कुणाच्या जिवावर तरी बेतत नाही.)

१९५७ मध्ये संरक्षणमंत्री झाल्यावर त्याने क्षेपणास्त्रांवर भर देऊन लढाऊ विमानांचे कितीतरी प्रकल्प गुंडाळले. त्याचं लाडकं ब्लू स्ट्रीक सरकारने १९६० मध्ये लष्करी वापरासाठी रद्द केलं. सभागृहात विरोधक खर्चाचा हिशेब मागत होते. या वेळी सँड्स मंत्र्यांच्या बाकावर होता.