पृथ्वीच्या पोटाची सोनोग्राफी

पोटातली गाठ केवढी आहे, कुठे आहे, हे सोनोग्राफीत दिसते. ती कसली आहे, हे मात्र बहुधा तुकडा काढून तपासल्यावरच कळते. जमिनीखालच्या तेलाचेही तसेच. आधी ध्वनिलहरींनी तपासणी, मग विहीर. आणि विहीर कोरडी निघाली तर सारा खर्च पाण्यात. हा धोका पत्करायला देशाला तयार करणारे नेते म्हणजे केशवदेव मालवीय.

१९०४ मध्ये जन्मलेले मालवीय स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले आणि पुढे नेहरूंच्या सरकारात मंत्री झाले. तेव्हा देशात तेल निघत होते ते फक्त आसामात. बाकी सारी भिस्त परदेशी कंपन्यांवर होती. आपले तेल आपणच शोधायचे, हा मालवीयांचा आग्रह. त्यातूनच १९५६ मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू आयोग उभा राहिला. सोव्हिएत तज्ज्ञ मदतीला आले. १९५८ मध्ये खंभातजवळ आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. पण १९६३ मध्ये निवडणूक देणगीच्या वादातून मालवीयांना मंत्रिपद सोडावे लागले.

त्यांनी घडवलेली संस्था मात्र थांबली नाही. साठच्या दशकात एका सोव्हिएत जहाजाने पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्राची तपासणी केली. पाण्यातून सोडलेल्या लहरी खडकांच्या थरांवर आपटून परत येतात. त्यांना लागलेल्या वेळेवरून थरांचा आकार उमगतो. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली खडकांचा एक मोठा उंचवटा आढळला.

पण उंचवटा म्हणजे नुसते भांडे. त्यात तेल यायचे तर आसपास खोलवर स्रोतखडक हवा. प्राचीन जीवांचे अवशेष गाडलेला हा चिकणमातीचा खडक लाखो वर्षे तापला की त्यातून तेल सुटते आणि वरच्या सच्छिद्र चुनखडकात साठते. सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या खडकातून लहरी सावकाश जातात, एवढी खूण मिळते. पण दगडी कोळशाचे थरही तशीच खूण देतात. म्हणजे लहरींवरून संशय घेता येतो, निदान होत नाही. अखेरचा निकाल विहिरीचाच.

तो निकाल फेब्रुवारी १९७४ मध्ये लागला. ‘सागर सम्राट’ने खोदलेल्या विहिरीत तेल लागले. १९७३ च्या युद्धानंतर जगात तेलाचे भाव चौपट झाले होते. अशा वेळी ‘बॉम्बे हाय’ देशाला मोठा आधार ठरले. त्याच वर्षी मालवीय पेट्रोलियम मंत्री म्हणून परतले. १९७६ मध्ये तिथले उत्पादन सुरू झाले, तेव्हा खाते त्यांच्याकडेच होते.

१९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. बॉम्बे हायचे तेल आणि वायू समुद्राखालच्या नळांतून आजही उरणला येतात.