आनंदवनाची हिरवळ



आजाऱ्याला औषधाइतकीच हिरवळ आणि हाताला काम हवे असते, हे आपल्या विदर्भातल्या बाबा आमटे यांनी करून दाखवले.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे झाला. वरोऱ्यात असताना एकदा भर पावसात तुळशीराम नावाचा मरणासन्न कुष्ठरोगी त्यांना दिसला. ते घाबरून निघून गेले. पण ती भीतीच त्यांना सहन होईना. परत येऊन त्यांनी त्याची सेवा केली. पुढे कलकत्त्याला जाऊन या रोगाच्या उपचारांचे शिक्षण घेतले.

१९५१ साली साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक गाय आणि चौदा रुपये घेऊन ते वरोऱ्याजवळच्या ५० एकर खडकाळ माळावर राहायला गेले. रुग्णांनीच विहीर खणली, झाडे लावली, भाजी पिकवली. बधिर हातांना जखम कळत नसे. म्हणून प्रत्येक काम जपून करावे लागे. तरी बाजारात ती भाजी कुणी घेईना. परदेशी स्वयंसेवक येऊन रुग्णांबरोबर राबले, जेवले, तेव्हा कुठे लोकांची भीती ओसरू लागली. भीक मागणारे हात आता इतरांना पोसू लागले.

९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे आनंदवनाच्या मातीतच त्यांचे दफन झाले.

कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. तरीही बऱ्या झालेल्या माणसाला दूर ठेवले जाते. आपल्या गोंदिया जिल्ह्यात असे घर माहीत असेल, तर तिथे जरूर जा. अंगणात दोघे मिळून एक रोप लावा आणि त्यांच्या हातचा चहा घ्या.