बेसबॉलवीर वॉकर

अमेरिकेत बेसबॉलचा खेळ फार लोकप्रिय आहे. त्यात चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात आणि फलंदाजाच्या पाठीमागे बसून तो झेलणाऱ्यास कॅचर म्हणतात. आपल्या क्रिकेटमधील यष्टिरक्षकासारखेच त्याचे काम. सन १८८० च्या सुमारास हे काम मोठे जिकिरीचे होते. आजच्यासारखे जाड हातमोजे तेव्हा नव्हते. वेगाने येणारा कठीण चेंडू उघड्या हातांनी, नाहीतर पातळ कातडी मोज्यांनी अडवावा लागे. बोटे मोडत, तळहात सुजत. अशा काळात ज्याने कॅचर म्हणून नाव मिळविले, तो मोझेस फ्लीटवुड वॉकर.

वॉकरचा जन्म ७ ऑक्टोबर १८५६ रोजी ओहायो राज्यातील माउंट प्लेझंट या गावी झाला. तो कृष्णवर्णीय होता. त्याच्या देशातील गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. पुढे त्याने ओबर्लिन महाविद्यालयात प्रवेश घेतला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या बरोबरीने शिकविणाऱ्या थोड्या संस्थांपैकी ही एक. तेथील संघातून तो खेळला, मग मिशिगन विद्यापीठात गेला. पण खेळाच्या ओढीने १८८३ मध्ये टोलेडो शहराच्या व्यावसायिक संघात दाखल झाला.

त्याच वर्षी १० ऑगस्टला शिकागोचा बलाढ्य संघ टोलेडोत आला. त्याचा कर्णधार कॅप ॲन्सन हा नामांकित खेळाडू. मैदानावर कृष्णवर्णीय खेळाडू असेल तर आपण खेळणार नाही, असे त्याने बजावले. गंमत अशी की, हात दुखावल्यामुळे वॉकरला त्या दिवशी विश्रांतीच द्यावयाची होती. परंतु ॲन्सनची अट कानी पडताच टोलेडोचा व्यवस्थापक चार्ली मॉर्टन याने बेत बदलला व वॉकरला मुद्दाम मैदानात उतरविले. न खेळावे तर तिकिटांच्या उत्पन्नातील वाटा बुडणार! ॲन्सन मुकाट्याने खेळला. पण हा अपमान तो विसरला नाही.

सन १८८४ मध्ये टोलेडोचा संघ वरिष्ठ श्रेणीत गेला आणि वॉकर ४२ सामने खेळला. या श्रेणीत कृष्णवर्णीय म्हणून उघडपणे वावरणारा तो पहिला खेळाडू होय. त्याचा धाकटा भाऊ वेल्डे हाही त्या वर्षी काही सामने खेळला. संघातील सर्वांचे मन मात्र मॉर्टनसारखे मोठे नव्हते. कॅचरने खुणेने सुचवावे आणि पिचरने त्याप्रमाणे चेंडू टाकावा, अशी रीत आहे. टोनी मुलेन हा उत्तम पिचर. पण कृष्णवर्णीयाच्या खुणा मानणे त्याला कमीपणाचे वाटे. तो मनास येईल तसा चेंडू फेकी. कोणता चेंडू येणार याचा अंदाज नसताना वॉकर तो झेलत राही. अनेक वर्षांनी मुलेननेच कबूल केले की, आपण पाहिलेल्या कॅचरांत वॉकर सर्वश्रेष्ठ होता. ही कबुली फार उशिरा आली. दरम्यान चेंडू लागून वॉकरची बरगडी मोडली होती. रिचमंड शहरी त्याला आणल्यास ७५ माणसे त्याच्यावर चालून येतील, असे धमकीचे पत्रही मॉर्टनला आले. दुखापतीमुळे वॉकर त्या दौऱ्यावर गेलाच नाही.

पुढे तो कनिष्ठ श्रेणीत खेळू लागला. १४ जुलै १८८७ रोजी त्याच्या न्यूअर्क संघाची गाठ पुन्हा ॲन्सनशी पडली. या वेळी ॲन्सनने आपलेच म्हणणे खरे केले. वॉकर व त्याचा कृष्णवर्णीय सहकारी जॉर्ज स्टोव्ही यांना बाहेर बसावे लागले. त्याच दिवशी त्या श्रेणीतील संघचालकांनी कृष्णवर्णीयांशी यापुढे नवे करार करावयाचे नाहीत, असे ठरविले. वरिष्ठ श्रेणीत तर असा नियम लिहिण्याचीही गरज कोणास भासली नाही. आपसातील समजुतीनेच दार लावले गेले. १८८९ मध्ये सिराक्यूज संघाने वॉकरला सोडले आणि त्याचा खेळ संपला.

नंतरचे दिवस ओढाताणीचे गेले. १८९१ मध्ये एका मारामारीत त्याच्या हातून एक गोरा मनुष्य ठार झाला; न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. पुढे टपालातील चोरीबद्दल त्याने वर्षभर तुरुंगवासही भोगला. त्यातून सावरून त्याने कॅडिझ गावी नाट्यगृह चालविले, काही शोधांचे हक्क मिळविले. १९०८ मध्ये त्याने एक पुस्तक लिहिले. कृष्णवर्णीयांना अमेरिकेत न्याय मिळणे नाही, त्यांनी आफ्रिकेत जावे, असे त्यात त्याने प्रतिपादिले. ओबर्लिनच्या वर्गात गोऱ्यांच्या शेजारी बसलेल्या तरुणाचे हे मत! इतकी त्याची निराशा झाली होती.

११ मे १९२४ रोजी क्लीव्हलंड येथे त्याचे निधन झाले. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिनच्या संघातून वरिष्ठ श्रेणीत उतरला, तेव्हा वॉकरच्या त्या ४२ सामन्यांना ६३ वर्षे लोटली होती. स्ट्यूबनव्हिल येथील वॉकरच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो १९९० मध्ये बसविण्यात आला. त्यासाठी पुढाकार घेतला, तो ओबर्लिन महाविद्यालयाच्या मंडळींनी.