देवळालीच्या मास्तरांनी शोधलेला ६१७४ हा आकडा आजही कोडिंगवाल्यांना कामाला लावतो

१९०५ हा आकडा घ्या. त्यातले अंक उतरत्या क्रमाने लावले की ९५१०, चढत्या क्रमाने ०१५९. वजाबाकी ९३५१. आता याच्यावर परत तेच करा. सातव्या वजाबाकीला ६१७४ येतं आणि मग कितीही वेळा केलं तरी ६१७४ च. चारही अंक सारखे नसले, तर कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येऊन अडकते.

१९०५ हे दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं जन्मसाल. जन्म डहाणूचा. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद. त्यातून मुलाला आकडेमोडीची गोडी लागली. फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. पुढे १९३० ते १९६२ ते नाशिकजवळ देवळालीत शाळामास्तर होते.

६१७४ त्यांना १९४६ मध्ये सापडला. कॉम्प्युटर नाही, सगळं कागदावर.

आज कोडिंग शिकणारे हेच बॅकट्रॅकिंगने सोडवू शकतात. पहिल्या घरात एक अंक बसवायचा, पुढच्या घरांत तेवढाच किंवा लहान. चार घरं भरली की तपासायचं, शेवटचं घर पुसून मागे यायचं, दुसरा अंक बसवायचा. अंकांची अदलाबदल केली तरी वजाबाकी तीच येते, त्यामुळे सुरुवातीचे शून्य धरून होणाऱ्या ९,९९० संख्यांऐवजी ७०५ गट पुरतात. खरं तर त्याहूनही कमी. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांतला फरक, आणि मधल्या दोघांतला फरक, एवढ्यावरच उत्तर ठरतं. अशा जोड्या फक्त ५४. एका फळ्यावर मावतील!

पण तेव्हा भारतातल्या बऱ्याच गणितज्ञांना हा पोरखेळ वाटला. कापरेकरांनी पुष्कळसं लिखाण स्वतःच छापून काढलं. डोंबिवली स्टेशनवर सुचलेल्या संख्यांना त्यांनी स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून 'डेम्लो' म्हटलं. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्या म्हणजे 'हर्षद'.

१९६६ मध्ये पत्नी गेली. पेन्शन पुरेना, म्हणून मास्तर गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेत राहिले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, आणि जगाला कापरेकर कळले. तेव्हा ते सत्तरीचे होते. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचं निधन झालं.