चित्रकार वासुदेव गायतोंडे : रंगांतली शांतता

अमूर्त चित्रांचे प्रदर्शन आणि त्याच दालनात सतार किंवा बासरीवादन, असे कार्यक्रम आता मोठ्या शहरांत बरेच होतात. आपल्यापैकी अनेकजण तिथे शिरताना संकोचतात. चित्रात माणूस नाही, झाड नाही, देव नाही. मग पाहायचे काय? मीही त्यांतलाच. शिक्षण बी.कॉम., आयुष्य बँकेत गेले. जमा आणि नावे यांचा मेळ बसल्याशिवाय कागद खाली ठेवायचा नाही, ही सवय. वासुदेव गायतोंडे यांचे आयुष्य वाचले तेव्हा माझा हा संकोच बराच कमी झाला. म्हणून त्यांची ओळख मंडळाच्या सभासदांना करून द्यावीशी वाटली.

वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूरला झाला. दवाखाना, लग्नाचा बस्ता, मुलांचे कॉलेज या सगळ्यासाठी आपण बालाघाटकर ज्या नागपूरला जातो, तेच हे नागपूर. आई-वडील मूळचे गोव्याचे. बालपणाचा काही काळ गोव्यात गेला आणि मग कुटुंब मुंबईत गिरगावच्या चाळीत राहिले. चाळीतल्या मुलाने चित्रकार व्हायचे ठरवणे त्या काळी सोपे नव्हते. आजही आपल्या घरांत मुलाने असे काही सांगितले, तर आपला पहिला प्रश्न पोटापाण्याचाच असतो. वासुदेव मात्र सर ज. जी. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि १९४८ मध्ये त्यांनी पदविका घेतली.

सुझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे आणि रझा यांनी १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला होता. यातले सय्यद हैदर रझा आपल्या शेजारच्या मंडला जिल्ह्यात, बाबरिया गावी जन्मले. १९५० मध्ये गायतोंडेही या गटात आले. सुरुवातीला त्यांच्या चित्रांत माणसांच्या आकृती होत्या. जुन्या भारतीय लघुचित्रांचे रंग आणि रेषा त्यांना आवडत. पुढे पॉल क्ले या युरोपीय चित्रकाराचे काम त्यांनी बारकाईने पाहिले. हळूहळू आकृती विरघळत गेल्या आणि रंग व प्रकाश एवढेच उरले. १९५७ मध्ये टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले.

मुंबईत वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना काम करायला जागा मिळाली. त्या एकाच वास्तूत चित्रकार रंगवत, अल्काझींची नाटकमंडळी तालमी करीत आणि पंडित रविशंकर यांची किन्नर ही संगीतशाळाही तिथेच भरे. रंग आणि सूर एका छपराखाली नांदण्याची ही कल्पना आजची नाही, हे यावरून कळते. गायतोंडे यांना संगीताची मनापासून आवड होती, भारतीय आणि पाश्चात्य दोन्ही. झेन तत्त्वज्ञान, रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि निसर्गदत्त महाराज यांचे विचार त्यांनी जवळ केले. आपली चित्रे अमूर्त म्हणवून घेणे मात्र त्यांना पटत नसे. कुठल्याही वस्तूशी न बांधलेली, म्हणजे वस्तुनिरपेक्ष, असे ते मानत. त्यांची बहुतेक चित्रे बिननावाचीच आहेत.

१९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळून ते न्यूयॉर्कला गेले. परत आल्यावर त्यांची पद्धत अधिक ठाम झाली. रोलरने आणि सुरीने रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, कागदाचे तुकडे रंगात दाबून उचलायचे. रंगवण्यापेक्षा विचार करण्यात त्यांचा अधिक वेळ जाई. वर्षाकाठी पाच-सहा कॅनव्हास झाले तरी पुष्कळ. मागणी वाढली म्हणून त्यांनी हात कधी भराभर चालवला नाही.

१९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढच्या वर्षी ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीन पूर्व भागात गच्चीवरच्या लहानशा बरसातीत राहू लागले. लग्न केले नाही. सामान मोजके, भेटीगाठी त्याहून मोजक्या.

१९८४ मध्ये रिक्षाच्या अपघातात त्यांना गंभीर दुखापत झाली. मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहणे अशक्य झाले. ज्याचे सारे जगणेच चित्रात होते, त्याच्यावर ही वेळ आली. त्यांनी कागद घेतला आणि शाईने छोटी रेखाटने केली. पुढे ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. १९८९ मध्ये आपल्या मध्य प्रदेश शासनाने त्यांना कालिदास सन्मान दिला, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असेल. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

नंतर किमती वाढल्या. २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचे एक चित्र तेवीस कोटींहून अधिक रकमेला गेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. बँकेच्या माणसाची नजर आधी आकड्यावर जाते, माझीही गेली. पण बरसातीतल्या त्या माणसाच्या खात्यात यातला एक रुपयाही जमा झाला नाही. वर्षाला पाच-सहा चित्रे काढताना त्यांच्या मनात ही रक्कम असणे शक्यच नव्हते. मग काय होते, याचे उत्तर त्या चित्रांसमोर उभे राहूनच शोधावे लागते.

गणेशोत्सवात आपल्याकडे गाणे होते तेव्हा आलापाला शब्द नसतात. तरी त्याचा अर्थ काय, असे कुणी विचारत नाही. डोळे मिटून आपण ऐकतो. अमूर्त चित्रासमोरही तसेच थोडा वेळ उभे राहून पाहावे, इतकेच मला सुचवायचे आहे. नागपूरला किंवा भोपाळला चित्रप्रदर्शन असेल तर मुलांना, नातवंडांना सोबत न्यावे. आणि एखाद्या नातवाने घरी येऊन चित्रकार व्हायचे आहे असे सांगितले, तर पोटापाण्याचा प्रश्न विचारण्याआधी त्याची वही एकदा उघडून पाहावी.